घरचा शब्द, सायबाचा शब्द

मालनबाई साळवे 'ण' म्हणायला अठराव्या वर्षी शिकल्या. तोवर त्यांचं त्याच्यावाचून काही अडलं नव्हतं. नगरकडच्या त्यांच्या घरात पानी, लोनी, कोन आणि पन एवढ्यावर सगळे व्यवहार, भांडणंसुद्धा, व्यवस्थित पार पडत. डी.एड.ला गेल्यावर कळलं, की ज्याला 'ण' येत नाही त्याला मराठीच येत नाही. मग त्यांनी आरशासमोर उभं राहून जीभ टाळूला लावायचा सराव केला. त्यानंतर ती जीभ शाळेच्या आवारात एकदाही घसरली नाही.

१९८३ साली त्या भांडुपच्या डोंगराखालच्या एका शाळेत तिसरीला शिकवत होत्या. वर्गातली निम्मी मुलं कोकणातली, 'माका-तुका' करणारी. उरलेली जालना-परभणीकडची, बौद्ध घरांतली, 'व्हय-न्हाय'वाली. पुस्तकातली मराठी कोणाच्याच घरी राहत नव्हती. ती अकराला शाळेत यायची आणि पाचला सुटायची.

शकु खिल्लारे तिसरीत दुसऱ्यांदा बसली होती. ती शाळेत बोलत नसे. आदल्या वर्षीच्या बाईंनी तिला 'पानी' म्हटल्याबद्दल उभं करून सगळ्या वर्गादेखत 'पाणी' म्हणायला लावलं होतं. वर्ग हसला होता. त्या दिवसापासून तिने तोंडाला कुलूप लावलं. मुक्या मुलीला तोंडी परीक्षेत मार्क देता येत नाहीत, म्हणून नापास.

"आवंदा पन गेली तर घरीच ठिवतो, बाई," तिचा बाप राजाराम म्हणाला. तो जवळच्याच एका कारखान्यात होता. "धाकट्याला तरी सांभाळंल."

"घरी बोलते का?"

"घरी? रेडिओ हाये नुसता!"

"मग मार्चपर्यंत थांबा, राजारामभाऊ. रेडिओ बिघडलेला नाही, कोणीतरी बटण फिरवलंय."

बटण कोणी फिरवलं, हे मालनबाईंना वाचून ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला गोष्ट सांगितली.

"बोटीतून गोरा साहेब आला. त्याला इथे राज्य करायचं होतं. पण प्रत्येक गावात बोलणं वेगळं. कोणत्या बोलण्यात हुकूम काढायचा? त्याने पंडित बोलावले आणि विचारलं, खरी मराठी कुठली? पंडित म्हणाले, आमच्या घरातली."

"मग?" पोरांनी विचारलं.

"मग काय? दुसरं काय म्हणणार होते ते? साहेबाने तेच शब्द छापले. शाळा त्यातच, परीक्षा त्यातच, नोकरी त्यातच. ज्याला ते शब्द येत तो हुशार. बाकी सगळे रातोरात अडाणी झाले."

"आनि साहेब?"

"गेला बोटीत बसून."

"शब्द नाय नेले?"

"विसरला."

राज्य करायच्या या पद्धतीवर जाड ग्रंथ आहेत. ते वाचून माणूस इतका सविस्तर गोंधळत जातो, की तिसरीच्या पोरांनी ती सोपी केली याचं बरं वाटतं. मालनबाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे शाळेचा. दोन्ही पाठ करायचे आणि कुठलाही शब्द चुकीचा नाही. पोरांनी उजव्या रकान्याचं नाव दोन दिवसांत बदलून 'सायबाचा शब्द' करून टाकलं. मालनबाईंनी ते पुसलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी 'लोणी'ला डावीकडे काय, असं विचारलं, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "लोनी." कुणी हसलं नाही. शकु स्वतःच दचकली.

हेडमास्तर अनंत पेडणेकर शुद्ध भाषेचे कडवे पुरस्कर्ते. फळा पाहून ते दारातच थबकले.

"ह्या काय चललासा हयसर? पोरांका बिघडवतास काय तुमी?"

"सर," मालनबाईंनी खडू पुढे केला, "हे डावीकडे लिहू का?"

पेडणेकर लाल झाले. मग स्वतःशीच हसले. "तपासणीच्या आधी पुसा," ते शुद्ध मराठीत म्हणाले आणि गेले.

तपासणी मार्चमध्ये झाली. दोनदा बसलेल्यांची तोंडी परीक्षा तपासणीचे साहेब स्वतः घेत. त्यांचा प्रश्न वर्षानुवर्षं एकच असे. टेबलावरचा पेला उचलायचा आणि विचारायचं, यात काय आहे? प्रश्न चांगला होता. व्याकरण आणि जात, दोन्ही एका पेल्यात मावत.

शकु उभी राहिली. साहेबांनी पेला उचलला. "बाळ, यात काय आहे?"

शकु गप्प. पेडणेकर छताकडे बघू लागले. मालनबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. त्यांना वाटलं, गेली पोरगी.

शकुने नुसता विचार चालवला होता. "घरचा सांगू," तिने विचारलं, "का सायबाचा?"

पेडणेकरांना ठसका लागला. साहेब मात्र खुलले. आपल्या पदाचा इतका मान ठेवणारी मुलगी त्यांना सबंध वॉर्डात भेटली नव्हती.

"साहेबाचा सांग की!"

"पाणी." स्वच्छ, टाळूला जीभ लावून.

"शाब्बास! आणि घरचा?"

"पानी," शकु त्याच आवाजात म्हणाली.

साहेबांनी पेल्यातलं जे काय होतं ते पिऊन टाकलं आणि पोरीला पास केलं. दोन शब्द सांगितले म्हणून दोन मार्क जास्त दिले, असंही सांगतात. 'सायबाचा' म्हणजे कुठल्या साहेबाचा, ते त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता.

निकालाच्या दिवशी वर्ग रिकामा झाल्यावर राजाराम आला. कामावरून तडक चालत आलेला, घामाने भिजलेला. तोंड मात्र तक्रारीचं.

"पास झाली, बाई, लय उपकार. पन आता मलाच सुदारती ना!"

"काय म्हणते?"

"काल घरी चार मानसं आल्ती, चांगलं बोलावं म्हनून मी म्हनलो, 'शकु, पाणी आण.' तर भायेर येऊन म्हनती, 'आप्पा, सायबावानी काय बोलताय? घरीच हायेत ना तुमी?'"

मालनबाईंनी उठून खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि त्या कोपऱ्यातल्या माठाकडे गेल्या.

"बसा, राजारामभाऊ," त्या म्हणाल्या. "पानी आनते."