दार कोणी अडवलं?

आमच्या घरात किस्से गोळा करावे लागत नाहीत. बालगृहात एक चक्कर झाली की परतीच्या ऑटोत एखादा किस्सा आमच्याआधीच जागा धरून बसलेला असतो. घर येईपर्यंत आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याला फोडणी देतात आणि संध्याकाळच्या चहाला तो पहिल्यापेक्षा मोठा होऊन येतो!

माझ्या लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही आणि मी बोलते कमी. कमी बोलणाऱ्या सुनेचा एक फायदा असतो. तिच्यासमोर सगळे सगळं बोलतात.

तर आमचे बाबा, म्हणजे सासरे, अमरावतीच्या त्या बालगृहातच लहानाचे मोठे झाले. आईवडील कोण, गाव कुठलं, काही ठाऊक नाही. तिथून निघाले ते थेट एसटीत कंडक्टर म्हणून लागले. आता रिटायर झालेत, पण आई चिडल्या की अजूनही हाक येते, "अवो कंडक्टर!"

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही चौघं, बाबा, आई, माझा नवरा नितीन आणि मी, तिथे जेवण घेऊन जातो. लोक याला दानधर्म म्हणतात. बाबा म्हणतात, "चला, घरी जाऊन येऊ."

* * *

लग्न माझ्या माहेरी, अकोल्याला झालं. आमच्याकडून मामा, मावश्या, आत्या, कोण कोणाचं कोण ते मलाही माहीत नाही. नितीनकडून आईंच्या भातकुलीच्या माहेरची मंडळी आणि बाबांचे डेपोतले मित्र. बाबांच्या नात्यातलं असं कोणीच नाही.

मग अमरावतीला आलो, दाराशी पोचलो. नवरदेवाची बहीण दार अडवते, 'तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील का' म्हणते, भावाकडून कबूल करून घेते आणि मगच नवरीला आत सोडते. नितीनला बहीण नाही. आत्या नाही, चुलत कोणी नाही. आईंकडे पाहावं तर सगळे मामेभाऊच! माझ्यासोबत आलेल्या मावशीनं मोठ्यानं विचारलं, "काहो, दार कोण अडवते?"



मग बाबाच हसले. "आपल्या इथं रस्ता मोकळा हाय! या, पुढं सरका, पुढं सरका!"

सगळे हसले. मी माप ओलांडलं. सहज मागे वळून पाहिलं, तर बाबा अंगणातली लायटिंगची माळ नीट करत होते. ती नीटच होती.

* * *

बालगृहात नव्या अधीक्षक मॅडम आल्यात, पुण्याकडच्या. भल्या बाई. आम्ही गेलो की चार खुर्च्या, चार गुलाबाची फुलं आणि चार कोल्ड्रिंक. "या साहेब, बसा साहेब!"

बाबा बसतात आणि मॅडमची पाठ फिरली की गायब होतात. पहिल्या खेपेला मी पाहिलं, ते मुलांच्या पंगतीत मांडी घालून बसले होते. जेवले, उठले, नळावर जाऊन आपलं ताट घासायला लागले. मॅडम धावतच आल्या. "साहेब, अहो राहू द्या ना! आमची मुलं करतील!"

बाबांनी ताट पालथं घातलं. "मॅडम, इथं ताट घासलं नाही तं संध्याकाळी जेवाले भेटत नाही."

मॅडम म्हणाल्या, "असा काही नियम नाहीये हो आमचा."

"आमचा होता!"

* * *

आई दर वेळी गोड करायच्या. कधी शिरा, कधी बुंदी. एकदा त्यांनी वैष्णवीला विचारलं, "पुढच्या बारीले काय आणू वं?" वैष्णवी आठवीत आहे आणि मुलींच्या बाजूची पुढारी आहे. तिनं मॅडम जवळ नाहीत ना ते पाहून घेतलं.

"काकू, राग नका मानू. जो येते तो गोडच आणते. काल केक, परवा पेढे. एकदा तिखट आणा ना!"

पुढच्या रविवारी आम्ही ज्वारीच्या भाकरी आणि डबाभर मिरचीचा ठेचा घेऊन गेलो. मॅडमनी घासभर चाखला आणि त्या पाण्याकडे पळाल्या. पोरं नाकं पुसत, डोळे पुसत हाणत होती. शेवटी एका पोरानं डब्याच्या तळाशी भाकरी फिरवत आईंना सांगितलं, "काकू, आज दिवाळी झाली!"

* * *

नितीनला मुलांना 'मोटिव्हेट' करायची हौस आहे. पहिलीतल्या एका चिमुरडीला त्यानं विचारलं, "मोठी होऊन तू कोण होशील? डॉक्टर? पोलीस?"

"देणगीदार."

नितीन खूश. "अरे वा! काहून बरं?"

"त्यायले खुर्ची अन् कोल्ड्रिंक, दोनी भेटते."

त्या दिवसापासून नितीनही सतरंजीवर बसतो.

* * *

मला मात्र मुली लगेच आपल्यात ओढतात. बोलत नाही म्हणून असेल. एकदा वैष्णवी माझी वेणी घालत होती. "वयनी, लग्नाची गोष्ट सांगा ना." मी मेंदी सांगितली, जेवण सांगितलं, रुसलेला मामा सांगितला.

"अन् दार कोणं अडवलं?"

"कोणीच नाही."

"काहून?"

"यांना बहीण नाही ना."

 तिनं वेणी इतकी घट्ट आवळली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

* * *

आणि हा परवाच्या रविवारचा.

बाबा भाजीचं पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारानं आत गेले. आम्ही तिघं नेहमीसारखे हॉलच्या दारानं निघालो आणि थबकलो. उंबरठ्यावर मेसच्या स्टीलच्या ग्लासात तांदूळ भरून ठेवलेले. दारात मुलींची साखळी. मधोमध वैष्णवी, केसांत मॅडमच्या टेबलावरचा गुलाब!

"थांबा! भावानं कबूल केल्याबिगर वयनी आत येणार नाही."

आणि साखळीच्या टोकाला, चौकटीला हात लावून, बाबा!

मॅडम गोंधळल्या. "साहेब, तुम्ही आत कसे? पाहुण्यांनी तर..."

"पाहुणे बाहेर हायेत, मॅडम. मी घरचा."

नितीनचा हात खिशाकडे गेला. वैष्णवी ओरडली, "पैसे नको! पोरगी बी नको, झाली कुठं अजून?"

"मग काय पाहिजे?"

"पुढच्या बारीले काहीच आणायचं नाही. डबा नाही, खाऊ नाही. रिकाम्या हातानं यायचं. सयपाक आमी करू. तुमी पंगतीत बसायचं."

 एरवी भाषण करणाऱ्या नितीननं बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे पाहत होते. तेव्हा मागून कोणीतरी मोठ्यानं विचारलं, "अन् ताट?"

ती मी होते.

"ज्याचं ताट त्यानं घासायचं!" वैष्णवी म्हणाली.

"कबूल!" नितीन म्हणाला.

मुलींनी जो काही गलका केला! एकेक हात खाली आला, साखळी सुटली. मी ग्लासाला पाय लावायला निघाले, तर एक हात तसाच चौकटीवर. पांढऱ्या शर्टाच्या बाहीचा.

मी थांबले. मुली थांबल्या. हात काही खाली येईना.

मागून, कडेवर भाकरीची टोपली सावरत, आई म्हणाल्या, "अवो कंडक्टर, सोडा ना जी आता दार!"