मुख्य अर्जदार: सौ. सुषमा

फाईल जाड होत गेली की किस्से आपोआप साठतात. कारण तिच्यातला एकेक कागद कुणाच्या तरी दारात जाऊन, कुणाची तरी सही घेऊन, कुणाची तरी बोलणी खाऊन आलेला असतो. आमच्या कॅनडाच्या फाईलला तर शेवटी विलासच्या बुटाची लेस बांधावी लागली होती! आता इथं कुणी विचारलं, "तुम्ही कसे आलात?" तर मी म्हणते, "विमानानं." खरं उत्तर द्यायचं म्हटलं तर समोरच्याचं जेवण गार होईल.

*

नव्वदीच्या शेवटची वर्षं. आम्ही धारूरला राहायचो. मी इंजिनीअर, रोज एसटीनं अंबाजोगाईला जाऊन एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. माझे यजमान विलास तिथंच धारूरच्या शाळेत मराठीचे मास्तर. सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं, बाजारात कापडाचं दुकान.

कॅनडाला जायचं तर पॉइंट लागतात, हे आम्हाला वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून कळलं. वयाला इतके, शिक्षणाला इतके, कामाला इतके. विलासनं वही घेऊन आधी स्वतःचे मोजले. मराठीच्या मास्तरची कॅनडाला काही गरज नव्हती! मग माझे मोजले. माझे भरले.

म्हणजे फॉर्मवर मुख्य अर्जदार मी आणि विलासच्या नावापुढं 'डिपेंडंट'.

हे मामंजींना सांगायचं कुणी? दोन दिवस घरात कुजबुज चालली. शेवटी मामंजींनीच फॉर्म मागून घेतला, चष्मा लावला, बोट ठेवून विचारलं, "ह्ये डिपेंडंट म्हंजी काय रं?"

विलास मराठीचा मास्तर. खोटं बोलवेना. "परावलंबी, दादा."

मामंजींनी फॉर्म घडी करून माझ्या हातात दिला.

"मंग त्यात नवीन काय हाय?"

*

फॉर्ममध्ये घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा लिहायच्या होत्या. आमच्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पोराला शाळेत घालताना तारीख कुणालाच आठवायची नाही, मग हेडमास्तर एक जून टाकून मोकळे व्हायचे. मामंजी एक जून. विलास एक जून. नणंद एक जून.

महिन्याभरानं वकिलातीचं पत्र आलं. एकाच घरातल्या तीन माणसांचा जन्म एकाच तारखेला कसा, याचा खुलासा करावा!

मला वाटलं, खोटेपणाचा शिक्का बसतो की काय. विलासनं खुलाशाचे तीन कच्चे खर्डे केले, तिन्ही फाडले. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. त्या मधूनच म्हणाल्या, "विलास तर पोळ्याला झालता. बैलं दारात उभी व्हती अन् माझ्या पोटात कळ!" आता हे इंग्रजीत कसं लिहायचं?

मामंजी दुकानातून जेवायला आले, त्यांनी ऐकलं. म्हणाले, "त्यांना म्हनावं, आमच्याकडं मानूस दोनदा जन्मतो. येकदा घरी अन् येकदा शाळंत. तुमाला शाळंतली तारीख दिली हाय."

विलासनं एवढंच इंग्रजीत लिहून धाडलं. त्यावर पुन्हा पत्र आलं नाही!

*

मग लग्नाचा दाखला. आमचं लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती, पण नोंदणी कुणी केली होती? ऑफिसातला कारकून म्हणाला, लग्न लावणाऱ्याचा लेखी जबाब आणा, वर घरच्या वडीलधाऱ्याची सही आणा.

ज्यांनी लग्न लावलं होतं ते जंगमस्वामी आता थकले होते. विलास, मी आणि मामंजी त्यांच्या घरी गेलो. स्वामींनी आम्हा दोघांना वरून खालपर्यंत पाहिलं आणि मान हलवली. "न्हाई आठवत. त्या तिथीला मी चार लग्नं लावलती."

मी मांडवाची जागा सांगितली. न्हाई. विलासनं वरातीतली घोडी बुजल्याचं सांगितलं. न्हाई. नऊ वर्षांचा संसार आणि साक्षीला कुणी नाही!

एकदम स्वामींचा चेहरा उजळला. "कापड दुकानवाल्याचं लगीन ना? ज्या लग्नात बुंदी संपलती!"

आता सांगते, आमच्या घरात सगळ्या विषयांवर बोलायला परवानगी होती, या एका विषयावर नव्हती. लग्नाचं जेवण मामंजींनीच घातलं होतं; पंगत उठली तेव्हा बुंदी शिल्लक होती, असं मामंजी नऊ वर्षं ठासून सांगत आले होते. व्याह्यांशी त्यावरून वर्षभर अबोला होता.

"बुंदी संपली न्हवती," मामंजी म्हणाले.

"मंग ह्ये लगीन मी लावलं न्हाई," स्वामी म्हणाले.

विलास छताकडं बघायला लागला. मामंजींनी माझ्याकडं एकदा बघितलं, खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "लिवा स्वामी. संपलती!"

*

चारित्र्याचा दाखला काढायला चौकशीसाठी हवालदार घरी आला. गल्लीत बातमी पसरली, मास्तरला धरून न्यायला पोलीस आले! आत्या दारातच उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "काई केलं न्हाई त्यानं, कॅनडाला चाललाय!" त्यावर लोकांचा संशय आणखी वाढायचा.

हवालदार म्हणाला, "शेजाऱ्याला विचारावं लागंल."

आमचे शेजारी म्हणजे शिवलिंगअप्पा. आमच्या पत्र्याचं पाणी त्यांच्या अंगणात पडायचं. त्यावरून सात पावसाळे भांडण. विलास आणि अप्पा समोरासमोर आले तर एकजण रस्ता ओलांडायचा. मी मनात म्हटलं, झालं, संपली आपली फाईल.

अप्पा ओट्यावर आले. हवालदारानं विचारलं, "ह्यो मानूस कसा हाय?"

अप्पांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. "सोन्यासारखा! असा मानूस गल्लीत न्हाई."

आम्ही दोघंही चाट पडलो. हवालदार लिहायला लागला. अप्पा खाली वाकून त्याच्या कानाशी म्हणाले, पण आम्हाला ऐकू आलंच:

"किती लांब हाय म्हनले कॅनडा? लई चांगलं. लवकर धाडा!"

*

हसायचं थांबलं ते मेडिकलला. कॉलेजात असताना विलासला टीबी झाला होता. पूर्ण बरा झाला होता, पण पुण्यात काढलेल्या एक्स-रेमध्ये डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, थुंकीची तपासणी करू, रिपोर्टला दोन महिने लागतील.

दोन महिने! कॅनडाचं राहू दे, मला वेगळीच धास्ती होती. विलास साधा खोकला तरी मी हातातलं काम टाकून बघायची. तोही माझ्यासमोर खोकायचं टाळायचा, गच्चीवर जाऊन खोकून यायचा. घरात कुणी आजाराचं नाव काढत नव्हतं.

आत्या तर पहिल्यापासून आम्ही जाण्याच्या विरोधात होत्या. "कावून जायाचं तिकडं? हितं काय कमी हाय?" हे रोजचं. त्यामुळं मला, खोटं कशाला बोलू, वाटायचं की आत्यांच्या मनासारखं होतंय.

शेवटी एसटीडी बूथवरून पुण्याला फोन केला, तर रिपोर्ट आला होता. फुप्फुस स्वच्छ, डाग जुना. मी डॉक्टरांना तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं.

घरी येऊन सांगितलं तशा आत्या उठल्या, लुगडं बदललं, पिशवी घेतली. "परळीला जाऊन येते. नवस फेडायचाय."

"कसला नवस?"

"त्येच्या छातीत काई निघू नये म्हनून."

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "पण आत्या, आम्ही जाऊ नये असं तुम्हालाच वाटत होतं ना?"

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "जाऊ नका म्हनत व्हते. आजारी पडा म्हनत व्हते का?"

*

आणि हा किस्सा मुलाखतीचा. खरं म्हणजे मेडिकलच्या आधीचा, पण मुद्दाम मागं ठेवलाय.

दिल्लीला वकिलातीत बोलावलं होतं. दोन दिवस रेल्वेत विलास 'माय नेम इज' घोकत होता. समोर एक गोरी बाई, हसायचं नावच नाही. मला अर्धा तास कामाबद्दल विचारलं, मी सांगितलं. मग ती विलासकडं वळली.

"तुमच्या पत्नीला नोकरी लागेल. तुम्हाला कदाचित वर्षभर लागणार नाही. तुम्ही काय कराल?"

"मी घर सांभाळीन," विलास इंग्रजीत म्हणाला. हे आमचं पाठ केलेलं होतं.

"स्वयंपाक येतो?"

हे पाठ केलेलं नव्हतं! विलास म्हणाला, "चहा येतो, मॅडम."

"अच्छा? कसा करता?"

विलासनं माझ्याकडं बघितलं. मी टेबलाकडं बघत राहिले. खोटं पकडलं गेलं तर सगळंच जाणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यानं खरं सांगितलं.

"मॅडम, आय से, सुषमा, टी."

"अँड देन?"

"देन टी कम्स."

बाईनं पेन खाली ठेवलं. आधी तिचे खांदे हलले, मग ती इतकी हसली की शेजारच्या खोलीतला माणूस दार उघडून बघून गेला. डोळे पुसत तिनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाली, "तुम्ही दोघं पास आहात."

आम्ही बाहेर आलो. रस्त्यापलीकडं चहाची टपरी होती. मी बाकावर बसले. विलास मात्र बसला नाही. स्टोव्हला अगदी चिकटून उभा राहिला, उकळणाऱ्या पातेल्यात वाकून बघत बघत टपरीवाल्याला हळूच विचारत होता:

"भैया, पहले क्या डालते, पत्ती या शक्कर?"