बारा व्होल्टची गाडी

बाबा रेल्वे फाटकावर गेटमन होते. फाटकाला लागून एका खोलीचं क्वार्टर, त्यात आम्ही पाच जणं. मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी सरकायची, म्हणून माय दोन भांड्यांच्या मधात चिंधी कोंबून ठेवायची. बाबा जेवायला बसले की घंटी वाजायची. ते ताट सोडून झेंडी घेऊन पळायचे. त्यांनी गरम भाकर खाल्लेली मला आठवत नाही. आमच्यापैकी कोणी तापानं फणफणलं तरी बाबांना फाटक सोडता येत नसे. मग फाटक लागून एखादा ट्रॅक्टर थांबला की माय लेकरू कडेवर घेऊन विचारायची, "भाऊ, पुलगावले चाल्ले का?" बाबा समोरच झेंडी धरून उभे असायचे. एकदा आमच्याकडे बघायचे आणि परत रुळाकडे.

त्या क्वार्टरमधून मी रोज पॅसेंजरनं वर्ध्याला कॉलेजला गेले आणि फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. बाबांच्या आणि मायच्या, दोन्हीकडच्या नात्यात पहिली पदवी माझी. हे मी कोणालाही सांगते, लाजत नाही. आता शाळेत विज्ञान शिकवते.

रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात सुधरेना. सेवाग्रामच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, बोटं फिरती ठेवा, नाही तर आखडतील. त्यांनी रबरी चेंडू दिला. बाबांनी तो डाव्या हातानं फेकून दिला. "मी काय लेकरू आहो काय?"

बाईंनी मला बाजूला घेतलं. "त्यांना मनापासून जे करावंसं वाटतं, ते त्या हाताला द्या."

घरी मी बाबांना तेच विचारलं. ते हसले. "जिंदगीभर झेंडी दाखोली. गाडी काही चालोली नाई."

मी ते धरूनच बसले. ऑनलाइन एक छोटी गाडी मागवली. वीतभर इंजिन, दोन डबे, जोडायचे रूळ. जुन्या दाराची फळी दोन स्टुलांवर ठेवून तिच्यावर रूळ ठोकले. मायनं कडब्याच्या काडीचं फाटक करून लावलं आणि वर मला ऐकवलं, "पोट्टी शिकली अन् बापासाठी खेळनं घेऊन आली."

खोक्यात वीज द्यायचं साधन मात्र नव्हतं. कागदावर एकच ओळ होती. ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यावा, बारा व्होल्ट डीसी. या गाडीला वीज रुळांतूनच मिळते. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, कमी केले की गाडी मंदावते. बाबांनी एक गोल बटण फिरवायचं, बस.

पण कोणता ट्रान्सफॉर्मर? मोबाइलवर शेकडो दिसले. अर्ध्या अँपिअरचा, पाचचा, बटणाचा, बिनबटणाचा. मी डोळे मिटून फळ्यावर ट्रान्सफॉर्मर काढू शकते, दोन्हीकडचे वेढे मोजून व्होल्टेज सांगू शकते. पण त्यातला एक निवडता येईना. परीक्षेत हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

शेवटी गावातल्या मोटर वाइंडिंगवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, तुमाले तं माहीतच असन." मी मान हलवली. नाही म्हणायला जीभ वळली नाही.

"बाराचा नोका घेऊ. आपल्याकडं लाईन डिम राह्यते. गाडी बसून राहीन. सोळाचा गुंडाळून देतो, डीसी करून."

मला ते पटलं. आमच्याकडे सगळेच तसं करतात. कूलर असो की विहिरीवरची मोटर, एक माप वरचं घ्यायचं, म्हणजे डिम लाईनवर, व्होल्टेज पडलेलं असतानाही, बरोबर चालतं. त्यानं पंख्याच्या रेग्युलेटरसारखं पाच नंबरांचं बटण बसवून दिलं. मेच्या दुपारी लावून पाहिलं. घरोघरी कूलर सुरू, दोनशे तीस व्होल्टची लाईन एकशे सत्तरवर उतरलेली. पाच नंबरावर मीटरनं बरोबर बारा दाखवले. बाबांनी उजव्या हाताच्या बोटांनी बटण फिरवलं आणि गाडी झोकात फिरली. मी स्वतःवरच खूश. मायला म्हटलं, "पाह्य, शिकल्याचा फायदा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझ्याआधी उठून फळीजवळ बसले. आदल्या दिवशीसारखं बटण थेट पाचवर नेलं. सकाळची लाईन फुल्ल होती, बाराच्या जागी सोळा व्होल्ट गेले. गाडी सुटली ती वळण न घेता सरळ फळीवरून खाली फरशीवर. मी पळत आले तेव्हा इंजिन उताणं पडून चाकं आभाळाकडे होती.

बाबा म्हणाले, "इतके वर्स नोकरी केली. माह्या फाटकावर कधी काही झालं नाई."

"बाबा, तुमची चूक नाही. व्होल्टेज जास्त आलं. चूक माझी आहे."

"समजलं मले. पण हात माहाच होता न वं."

त्यांनी उजवा हात दुपट्ट्याखाली ठेवला. तो बाहेर काढेचनात. वाइंडिंगवाला म्हणाला, स्टॅबिलायझर लावा. लावला. तो खटखट करून गाडीला हिसके देऊ लागला. बाबा बघतसुद्धा नव्हते. महिनाभरात बोटं तळव्याकडे वळली. नखं काढायची तर माय एक एक बोट उचकटायची आणि बाबा भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी दोन हात लांब बसलेली असायची, फिजिक्सची पदवीधर. काय करावं ते मला खरंच कळत नव्हतं.

शाळा सुरू व्हायच्या आधी वर्ध्याला गेले आणि पाय आपोआप कॉलेजकडे वळले. लॅबमधले काका अजून तिथेच होते. आमच्या वेळी तेच प्रॅक्टिकलचं सामान मांडून द्यायचे. त्यांना सगळं सांगितलं.

"तू तं डिस्टिंक्शनवाली न? अन् मोटरवाल्याले विचारत फिरते?"

"काका, मले येत नाई. मले निवडताच येत नाई." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

ते हसले नाहीत. कपाटातून एक पत्र्याची पेटी काढून टेबलावर ठेवली. समोर गोल बटण, वर काटा. "ओहमचा प्रॅक्टिकल कायच्यावर केलता? याच्यावरच न? लाईन डिम होवो का फुल्ल, याच्यातून काटा दाखवन तेवढेच निघते. शून्य ते बारा, दोन अँपिअर. तुह्या गाडीले लय झालं. घेतानी बटण मोठं पाह्यजो, बापाच्या बोटात आलं पाह्यजे."

तीन वर्षं मी ती पेटी हाताळली होती. तिच्याकडून उत्तर काढून वहीत लिहिलं होतं. तिचा घरात उपयोग होईल हे मनात आलं नव्हतं.

नागपूरच्या प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून तशी पेटी आणली. बाबांनी तीन दिवस हात लावला नाही. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, म्हणाले, "लाईन फुल्ल हाये का?"

"हो."

"काटा दाखव."

मी बटण फिरवून पाच व्होल्टवर आणलं. काटा पाचवर थांबला. बाबांनी वाकून तो नीट पाहिला. मी परत शून्यावर आणलं. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून बटणावर ठेवला. मायनं पुढे होऊन दोन बोटं सोडवून दिली.

त्या सकाळी बाबांनी उजव्या हातानं गाडी शून्यापासून सुरू केली, चार फेऱ्या चालवली आणि पुन्हा शून्यावर आणून थांबवली. गाडी रुळावरून उतरली नाही.