पत्त्याचा रकाना

गेल्या आठवड्यात कॉलेज रोडवरच्या एका चपलांच्या दुकानात माझं भांडण झालं. चपलांवरून नाही, चपला बऱ्या होत्या. बिल करणाऱ्या पोरीनं मोबाईल नंबर मागितला, मग जन्मतारीख, मग लग्नाचा वाढदिवस. मी म्हटलं, बाई गं, मला चप्पल घ्यायचीय, सोयरीक नाही जुळवायची. ती म्हणाली, सर, सगळे रकाने भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही. हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीकच जाते. चपला तिथेच टाकल्या, जुन्या पायात सरकवल्या आणि बाहेर पडलो. बायको सोबत होती. घरी आल्यावर म्हणाली, नंबरच मागत होती, किडनी नव्हती मागत.

लोकांचं हे असं. आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय, असं जो तो छाती काढून सांगतो. ज्याच्याकडे लपवण्यासारखं असतं तो गप्प बसतो, म्हणून तो आपल्याला दिसत नाही, इतकंच. मी एका बाईचं घर एका रकान्यापायी मोडलेलं पाहिलंय. तो रकाना मी भरला होता. बायकोला हे ठाऊक नाही. माझ्या वडिलांना ठाऊक होतं.

आमचं घराणं पंचवटीतलं, तीर्थोपाध्यायांचं. रामकुंडावर कोणी अस्थी घेऊन येतं, कोणी श्राद्धाला येतं. त्यांचे विधी करायचे आणि त्यांची नावं वहीत उतरवायची. कोण गेलं, कोणत्या गावचं, सोबत कोण आलं, आणि खाली आलेल्यांच्या सह्या. गावागावाच्या वेगळ्या वह्या, लाल फडक्यात बांधून फडताळात रचलेल्या. यजमान आला की अण्णा, म्हणजे माझे वडील, आधी गाव विचारायचे, मग बरोबर ते गाठोडं ओढायचे आणि त्याच्या आजा-पणजाची नावं वाचून दाखवायचे. चांगले दांडगे शेतकरी पणजोबाची सही बघून डोळे पुसायचे. पण वही दाखवायची ती त्याच कुळाला. गावातला दुसरा कोणी कितीही मोठा असला तरी नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. अण्णांना तो लिहिण्याची गरज कधी वाटली नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला, मी कॉलेजात असताना, एक मुलगी आली होती. वणीच्या बाजूच्या एका खेड्यातली, विशीतली. नवऱ्याच्या अस्थी घेऊन, सोबत दीर आणि भाऊ. लग्नाला चार महिने झालेले. गावातल्या गावात दिलेली, त्यामुळे माहेर आणि सासर एकाच वहीत. सह्यांची वेळ आली तेव्हा दीर आणि भावानं केल्या. मग ती म्हणाली, मी पण करते. वहीत बायका सही करत नसत त्या काळी, पण अण्णांनी मुकाट्यानं वही तिच्यापुढे सरकवली. सातवीपर्यंत शिकलेली होती. एकेक अक्षर सुटं काढत तिनं पूर्ण नाव लिहिलं आणि अण्णांना विचारलं, हे किती दिवस राहतं. अण्णा म्हणाले, वही आहे तोवर राहतं. मी बाजूला शाईचं बघत होतो, म्हणून मला ती लक्षात राहिली.

चार-पाच वर्षांनी ती परत आली. या खेपेला मालेगावपलीकडच्या एका गावच्या कुटुंबाबरोबर, सासऱ्याच्या अस्थी घेऊन. नवरा, सासू, आणि तिच्या कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी. मी ओळखलं. अण्णांनी तर उंबऱ्यातच ओळखलं असणार, कारण त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि परत पाहिलं नाही. विधी झाला, त्या गावची वही निघाली, नावं वाचून झाली. सासूला तेवढंच बरं वाटलं. आमच्या सुनेचं माहेरही तुमच्याकडेच असेल की, वणीकडचं, तिचंही वाचून दाखवा, म्हणाली. बाई जागच्या जागी पांढरीफटक पडली. लग्न जमवताना भावानं पहिलं लग्न सांगितलंच नव्हतं, हे त्या एका क्षणात मलाही कळलं.

अण्णा म्हणाले, त्या गावच्या वहीला वाळवी लागली. काही उरलं नाही.

माझ्या वडिलांना मी उभ्या आयुष्यात एवढं एकच खोटं बोलताना ऐकलं. त्या आधी एका यजमानाला, तुमच्या आजोबांच्या नावापुढे वय लिहायचं राहून गेलंय, ही आमची चूक, असं सांगणारा माणूस तो. मंडळी गेल्यावर मी शहाणपणानं विचारलं, अण्णा, वही तर धडधाकट आहे. ते म्हणाले, "वही ठेवणाऱ्याला वाचता यावं लागतं, तसं न वाचताही यावं लागतं." मला तेव्हा ते उगाच जड बोलणं वाटलं.

पुढे मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि घरी बसलो. नाशकात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघालेले, शिकवणारे शिकणाऱ्यांपेक्षा जास्त. पौरोहित्य मला करायचं नव्हतं, आणि दुसरं कोणी मला विचारत नव्हतं. अशात मुंबईहून एका कंपनीचा माणूस आला. टाय, हातात मोबाईल, पंचवटीच्या उन्हात घामाघूम. तीर्थक्षेत्रांतल्या सगळ्या वह्या कॉम्प्युटरवर आणायच्या म्हणाला. वारसा जपायचा. यजमान अमेरिकेत असला तरी बटण दाबलं की पणजोबा हजर. कंपनी घरी कॉम्प्युटर बसवून देणार, आणि मी त्यांचा 'प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर'. हे दोन शब्द मी त्या रात्री वहीच्या पुठ्ठ्यावर चार वेळा लिहून पाहिले होते. लाज वाटते सांगायला.

अण्णा नको म्हणाले. मग मी त्यांना पुराची भीती घातली. गोदावरीला पूर आला की आमच्या गल्लीत पाणी शिरायचं, एकदा दोन वह्या भिजून लगदा झाल्या होत्या आणि अण्णा दोन दिवस जेवले नव्हते. मी नेमकं तिथेच बोट ठेवलं. शेवटी त्यांनी टायवाल्याला एकच विचारलं, ही नावं बाहेर कोणाला दिसणार नाहीत ना. तो म्हणाला, काका, शंभर टक्के गुप्त. करार इंग्रजीत होता, अण्णांच्या वतीनं सही मी केली. माहिती कंपनी तिच्या सहयोगी संस्थांना देऊ शकेल, असं एक वाक्य त्यात होतं. मी करार वाचला नव्हता असं आजवर विचारणाऱ्या सगळ्यांना सांगत आलोय. वाचला होता. कळलाही होता.

कॉम्प्युटर आला. शेजारपाजारचे बघायला यायचे, आई त्यावर भरतकामाचा रुमाल घालायची. मी दिवसभर टाइप करायचो. मृताचं नाव, नातं, तिथी, सोबत आलेले, आणि शेवटी हल्लीचा पत्ता. जुन्या नोंदींत नुसतं गाव असायचं, हल्लीचा पत्ता विचारून घेणं गेल्या काही वर्षांतलं. पण तो रकाना रिकामा ठेवला की लाल चौकट यायची आणि पुढचं पान उघडायचं नाही. मी नुसती टिंबं टाकून पुढे गेलो, तर कंपनीनं फ्लॉपी परत पाठवली. सोबत चिठ्ठी, पत्त्याशिवाय नोंदीला किंमत नाही. मृत माणसाला पत्ता कशाला लागतो, असं माझ्या मनात आलं नाही. मला फ्लॉपी परत आल्याचा अपमान वाटला.

मग मी डोकं चालवायला लागलो. वणीकडच्या वहीतली नोंद घ्यायची, त्यातलं माणूस नंतर दुसऱ्या कोणत्या नोंदीत आलंय का ते आठवायचं, आणि तिथला पत्ता इथे जोडायचा. माझी स्मरणशक्ती आमच्या घराण्याची, दांडगी. दहा नोंदी जुळल्या की मी स्वतःवर खूष. त्याच झपाट्यात ती चार महिन्यांच्या लग्नाची नोंद आली. मृताचं नाव भरलं. नातं, पती. नोंद करणाऱ्यांत तिची ती सुटी सुटी सही. हल्लीचा पत्ता? मला तर पाठ होता, सासऱ्याच्या वेळी मीच उतरवून घेतला होता. भरला. चौकट लाल झाली नाही. अण्णांनी सगळ्यांदेखत खोटं बोलून जे झाकलं होतं ते मी जोडून मोकळा झालो आणि जेवायला उठलो. जेवताना मला काही आठवलंसुद्धा नाही. तेच अजून खातं मला.

वर्षभरानं यजमान अण्णांना सांगायला लागले, गुरुजी, तुमचं कार्ड मिळालं, किती आठवण ठेवता. अण्णा बुचकळ्यात. एकानं कार्डच आणून दाखवलं. साधं उघडं पोस्टकार्ड, वर त्र्यंबकेश्वराचं चित्र, खाली छापलेलं, की आपले अमुक कै. तमुक यांची पुण्यतिथी जवळ येत आहे, खास सवलतीत विधी करून घ्या, निवास भोजनासहित. नाव अण्णांचं कुठेच नाही, कुठल्यातरी यात्रा कंपनीचं. मी मुंबईला फोन लावला. तिथल्या मुलीनं दोन वेळा थांबवून ठेवलं आणि सांगितलं, कार्ड माणूस पाठवत नाही सर, सिस्टीम पाठवते. मी म्हटलं, मग सिस्टीमला द्या फोन. ती हसली. लेखी तक्रार करा म्हणाली, पुढच्या वेळी नाव वगळू. वाटलं, वगळतील. त्या बाईचं नाव यात आहे, हे मात्र फोन ठेवल्यावर एकदम लख्खकन आठवलं. अण्णांना सांगायची हिंमत झाली नाही. म्हटलं, खेड्यातलं पोस्ट, पोचणारही नाही कदाचित.

पोचलं होतं.

ती भाद्रपदात आली, भर दुपारी, एकटी. सोबत मुलगी नव्हती. पिशवीतून कार्ड काढून तिनं अण्णांपुढे ठेवलं. 'आपले पती कै.', आणि पुढे त्या चार महिन्यांच्या नवऱ्याचं नाव. पोस्टमननं ते ओट्यावर बसलेल्या तिच्या जित्याजागत्या नवऱ्याच्या हातात दिलं होतं, आणि त्याआधी ते गावात तिघांनी वाचलं होतं. तिनं हे सगळं न रडता सांगितलं, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं सांगितलं. सासूनं तिला भावाकडे धाडलं. भाऊ म्हणतो, माझ्या दारात किती दिवस. मुलगी तिकडेच ठेवून घेतली, भेटूही देत नाहीत.

अण्णांनी कार्ड वाचलं. मग आतल्या खोलीकडे पाहिलं, तिथे रुमालाखाली कॉम्प्युटर होता. मग माझ्याकडे. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. पुढे व्हावं, सांगावं, असं वाटत होतं. पाय उचलला नाही. मी तिशीच्या जवळ आलेला बाप्या माणूस होतो, लहान नव्हतो.

अण्णा तिला म्हणाले, "चूक माझी, बाई. वही माझी आहे."

ती म्हणाली, वाळवीचं तुम्ही बोलला होतात तेव्हाच मी तुम्हाला मनात हात जोडले होते. आईनं आणलेलं पाणी तसंच राहिलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, ते पान फाडून टाका. अण्णांनी फाडलं असतं त्या दिवशी, माझी खात्री आहे.

"वाचा गुरुजी," ती म्हणाली. "मोठ्यानं वाचा. आता कोणापासून झाकायचं हाय?"

अण्णांनी वणीकडचं गाठोडं काढलं, फडकं सोडलं, पान लावलं. गाव वाचलं, कुळ वाचलं, त्याच्या आजाचं, बापाचं आणि मग त्याचं नाव. वय चोवीस. सोबत बंधू, मेहुणा, पत्नी. तिच्या सहीवर त्यांनी बोट ठेवलं. ती नुसती मान हलवत होती. मग पदरानं तोंड पुसून तिनं सांगितलं, आलेच आहे तर त्याच्या नावानं तिलांजली घालते. कुंडावर जाऊन दोघं परत आली. अण्णांनी रीतीप्रमाणे नवी नोंद केली, तिथी घातली, वही फिरवली. तिनं सही केली. अक्षरं अजून सुटी सुटीच होती.

अण्णांनी सवयीनं विचारलं, हल्लीचा पत्ता. विचारून गेल्यावर त्यांची लेखणी तिथेच थांबली.

"तेवढं कोरं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आन् तुमच्या पोराला सांगा, भरू नको म्हणावं." हे बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.