उजव्या पाकळीवरची फुंकर

ग्रामदैवताच्या गाभाऱ्यात मी एकदा लबाडी केली आणि ती कित्येक वर्षे मनात दडवून ठेवली.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. माझी मुलगी सुनंदा सांगलीला कॉलेजात होती. दिवाळीला वडूजला घरी आली, ती परत गेलीच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. धड जेवण नाही, वेणीफणी नाही. तिची आई म्हणायची, "आवं, सांगलीला मनाचं डाक्टर हायती, दावू या की." मी शाळामास्तर, मला लोक काय म्हणतील याचीच धास्ती. पोरगी अभ्यास टाळण्यासाठी सोंग करते आहे, असे मी ठरवून टाकले होते. देवानेही तसेच सांगितले म्हणजे डॉक्टरचा विषय मिटेल, म्हणून तिला घेऊन कौल लावायला गेलो.

गुरवाने देवाच्या छातीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी विचारले, "देवा, पोरगी सोंग करते आहे का?" बराच वेळ एकही पाकळी हलेना. गुरव तेल आणायला वळताच मी नमस्काराच्या निमित्ताने वाकलो आणि उजवीवर फुंकर मारली. समई विझली. उजवी जागची हलली नाही, डावी पडली.

"वारं कुठनं आलं?" गुरव पुटपुटला.

मागे खांबाला टेकलेली सुनंदा हसली. कित्येक महिन्यांनी. जवळ येऊन हळूच म्हणाली, "आण्णा, देव काय गरम च्या हाय व्हय, फुंकायला?" हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. "सोंग करायला बी ताकद लागती. मला तेवढी बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीची एसटी धरली. गोळ्या, डॉक्टरांशी बोलणे, मधूनच परतणारे वाईट दिवस. सावकाश ती सावरली. कौल मानून पोरीला डॉक्टरकडे नेले, म्हणून गावात माझ्या श्रद्धेचे कौतुक झाले. ते मी मान खाली घालून ऐकले. देवापुढे जाताना उत्तर आधीच खिशात घालून जाऊ नये, एवढे मात्र त्या डाव्या पाकळीने मला शिकवले. तिचे उपकार मी विसरलेलो नाही.

सुनंदाला फलटणला शाळेत नोकरी लागली, तेव्हा आम्ही पेढे घेऊन देवळात गेलो. गुरवाने विचारले, "मास्तर, कौल लावायचा?"

"नाही. सांगायचं आहे."

सुनंदा कानाशी म्हणाली, "फुंकू नका बरं. नुसतं बोला."

मी देवाला हात जोडले आणि गुरवाला ऐकू जाईल अशा आवाजात तिला म्हणालो, "बाळा, तुझं दुखणं मी खोटं धरलं. देवालाही तसंच बोलायला लावत होतो. माझं चुकलं."