उगवतीच्या फोटोतली सावली

हे म्या आजवर कोणाले सांगतलं नाही. पोरीलेही नाही. तिच्यापाशी बोलाले गेलो की दुसरंच काही बोलून उठतो. तुम्ही माह्ये कोणी लागत नाही — म्हणून तुम्हाले सांगतो.

माह्या घरात भिंतीवर दोन फोटो आहेत. एक माह्या बायकोचा, सुभद्राचा. आधार कार्डावरचा मोठा केलेला — डोळे ताठ, तोंड मिटलेलं, चोरी करताना धरल्यावाणी. त्याले हार. दुसरा उंद्रीच्या टेकडीवरून सूर्य निघतानाचा. खाली धुकं, धुक्यात तुरीचे वावरं, आभाळ केशरी. तो म्या काढला. आला-गेला माणूस आधी त्याच फोटोपाशी थांबते. "भाऊ, हा तुम्ही काढला?" हाव म्हणतो. पुढचं सांगत नाही.

पुढचं सांगाले बसलो तं जीपची आठवण येऊन राह्यली. पळवाट आहे ती, मले समजते. पण तिथूनच यावं लागते.

जिंदगीभर उंद्री ते चिखली जीप चालवली. चौथी शिकलेला माणूस मी. वय झालं तशी जीप विकली, अन् जावयानं मोबाईल दिला. मले नाद लागला. सकाळी टेकडीवर जायचं, सूर्याचा फोटो काढायचा, जुन्या जीपवाल्यायच्या ग्रुपवर टाकायचा. रंग वाढवणं, आभाळ तांबडं करणं — मोबाईलमधीच पाहून पाहून शिकलो. लोक वा वा करत. जीप चालवताना कोण वा म्हणते?

सुभद्रा मागून ये. "एकटे पडसान कुठी," म्हणे. मी फोटो काढो, ती काड्या वेचे. एकदा फोटोच्या कोपऱ्यात आली ती, वाकलेली. ग्रुपवर एकानं लिहिलं — "काबे, हे बुजगावणं कोणाच्या वावरातलं?" खाली सगळ्यायचे हसणारे तोंडं. त्याले माहीत नव्हतं ते कोण. म्याही सांगतलं नाही. उलटा मीही हसणारं तोंड टाकलं.

हे एक झालं. पण हे ते नाही.

एक दिवस ती नवं हिरवं पातळ नेसून आली, पोरीनं दिवाळीले घेतलेलं. टेकडीवर नवं पातळ काऊन, म्हटलं. सूर्य वर आला तशी पुढे जाऊन उभी राह्यली, अर्धं तोंड उन्हाकडे. पदर सारखा केला. "सूर्याचे लय झाले," म्हणे. "एक माहा घ्या."

म्या घेतला. हसत होती ती. अशी फोटोत हसलेली म्या तिले कधी पाह्यली नव्हती.

घरी येऊन तिले बोटानं पुसलं.

मोबाईलमधी तसं येते — नको ते बोटानं घासलं की जाते, मागचं धुकं आपोआप भरून निघते. आधी पातळ गेलं. मंग हात. तोंड राह्यलं होतं शेवटी. तेही घासलं. काऊन? बुजगावण्याची चेष्टा पुन्हा नको म्हणून? तिची लाज वाटली का मले? वाटली. आहे तसं सांगतो — वाटली.

मूळचा फोटो तसाच होता. ठेवता आला असता. म्या तोही काढून टाकला, अन् टाकलेल्यातूनही काढला. तिनं मागतला तं दाखवा लागू नये म्हणून.

ग्रुपवर लय वाहवा झाली. संध्याकाळी तिनं मोबाईल मागतला. बराच वेळ पाहून राह्यली. मंग फोटोवर बोट ठेवलं. "मी तं इथंच होती ना?" बोट बरोबर तिथंच होतं.

"तू नाही आली त्यात," म्हटलं. "बाजूले पडली तू."

"बरं," म्हणे. अन् हसून — "तुमची जीपही अशीच. उभ्या माणसाले सोडून पुढे जाय."

त्यानंतर ती टेकडीवर आली नाही. गुडघे दुखतात म्हणे. खरंच दुखत होते का — म्या विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं अन् गेली.

तेरवीले फोटो पाह्यजे होता. पोरीनं, मीरानं, माहा मोबाईल सगळा चाळला. सूर्यच सूर्य. "बाबा, आईचा एकही नाही?"

"तुह्या मायले फोटो आवडत नव्हता," म्हटलं. सगळ्या लोकायसमोर म्हटलं. बायायनं माना हालवल्या. आता गाव तेच म्हणते. मीरा आपल्या लेकरायले तेच सांगते — आजीले फोटो आवडत नसे.

टेकडीचा तोच फोटो मीरानंच चिखलीहून मोठा करून, फ्रेम करून आणला. आईच्या बाजूले लावला. "आईसंगच जायचे ना तुम्ही टेकडीवर," म्हणे.

मोठा झाला तेव्हा मले दिसलं. बाई पुसली, पण तिची सावली राह्यली. लांब, गवतावरून थेट माह्याकडे आलेली. रोज दिसते. जेवाले बसलो की समोरच.

परवा मीरा आली होती. दोन्ही फोटोयची धूळ झटकत होती. त्या सावलीपाशी हात थांबला तिचा. "बाबा, ही कायची सावली?"

"बाभळीची," म्हटलं.

ती हाव म्हणे, अन् पदरानं काच पुसून आत गेली.

टेकडीवर त्या जागी बाभूळ नाही. कधीच नव्हती.