काकांच्या पानावरची शेवंती

मी इतिहास शिकवतो. भूत, भाकीत, पत्रिका यातलं काही माझ्या गळी उतरत नाही, आणि काशीत राहून असं म्हणणं सोपं नसतं. आमचं घर रामघाटला, पिढ्यान्‌पिढ्या तीर्थपुरोहितांचं. महाराष्ट्रातून यजमान आला की त्याचं गाव, वाडवडील, मुलं आमच्या वहीत लिहायची, ही जुनी रीत. वह्या लोखंडी पेटीत, किल्ली माझ्याकडे, आणि मोडी वाचणारा घरात आता मी एकटाच. हे आधीच सांगितलेलं बरं... पुढचं ऐकून लोक नाही नाही त्या शंका काढतात.

शमुवेलकाका मूळचे नेवाशाकडचे, मराठी ख्रिस्ती, रेल्वेतून इथेच रिटायर झालेले. दर रविवारी चर्चमधून थेट आमच्याकडे चहाला, आणि चहाबरोबर बायबलातला दानिएल. ती चार श्वापदं, तो उत्तरेचा राजा आणि दक्षिणेचा राजा – काकांच्या मते हे सगळं आजच्या बातम्यांत घडतंय आणि जगाचा शेवट दारात उभा आहे. माझं म्हणणं, हा इतिहास आहे. घडून गेलेल्या गोष्टी कोणीतरी जुन्या संदेष्ट्याच्या तोंडी भाकीत म्हणून घातल्या. जिथवर तपशील बिनचूक तिथवर झालेलं, आणि जिथे चुकायला लागतं तिथे लिहिणारा बसलेला असतो. यावर आम्ही वर्षानुवर्षं मजेत भांडलो.

मग गेल्या माघात डॉक्टरांनी काकांना बायपास सांगितली. उशीर केला तर कधीही काहीही होईल म्हणाले.

"कशाला चिरफाड, मास्तर?" काका म्हणाले. "हे साल काही पुरं होत नाही. प्रभू यायच्या आत टाके तरी सुकतील का?"

मी हसलो, आणि मग मला घाम फुटला, कारण ते थट्टा करत नव्हते. त्यांची एकुलती एक लेक रूथ पुण्याला, पाचवा महिना चाललेला. फोनवर रडायची बिचारी. काका ढिम्म.

मी ठरवलं, भाकीत मागाहून कसं तयार होतं ते यांना डोळ्यांनी दाखवायचं. आमच्या वह्यांत जुन्या नोंदीखाली जागा कोरी सोडतात. पन्नास वर्षांनी नातू येतो आणि तिथे त्याचं नाव चढतं. वरवर बघणाऱ्याला सगळं एकदम लिहिलेलं वाटतं, पण शाई आणि अक्षर बघितलं की लगेच कळतं. काकांचे पणजोबा धर्म बदलायच्या आधी काशीला येऊन गेले होते, असं त्यांच्या घरात सांगत. म्हटलं, त्यांचंच पान काढू.

सकाळी अकरा वाजता, गच्चीवर, लख्ख उन्हात मी वही उघडली. गाव सापडलं. कोंडाजी, काकांचे पणजोबा. अक्षर माझ्या पणजोबांचं, ते मी झोपेतही ओळखेन. खाली कोंडाजींचा तेव्हा तान्हा असलेला मुलगा. इथवर ठीक. त्याच्याखाली, त्याच शाईत, त्याच हातानं – योना. मग शमुवेल.

मी थांबलो.

"योना माझे वडील," काका हळूच म्हणाले. "वाचा पुढे, रुकू नका."

"रूथ. तिच्याखाली शेवंती. आणि शेवंतीखाली... एकाखाली एक आणखी दोन नावं आहेत."

आमच्या वह्यांत वंशाच्या ओळीत मुलींची नावं घालतच नाहीत. मी भिंग आणलं, पान उजेडाला धरलं, पुन्हा पुन्हा बघितलं. शाई एकच. आणि खरं सांगू – मला आनंद झाला होता. इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता.

काकांनी बोटांवर नावं मोजली. मग म्हणाले, "अजून इतक्या पिढ्या... म्हणजे माझं गणित चुकलं, मास्तर. डॉक्टरला फोन लावा."

ऑपरेशन नीट झालं. वहीचं कोणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. ज्येष्ठात रूथला मुलगी झाली. नाव ठेवलं शेवंती. जावयाच्या पणजीचं नाव म्हणे, त्यानं हट्टानं ठेवलं. मी काकांना खोदून विचारलं, तुम्हीच सुचवलंत ना? ते नुसतं "नाही" म्हणाले, आणि त्या माणसाचं "नाही" मला पुरतं.

आता माझाच नियम लावायचा तर लिहिणारा शेवंतीच्या जन्मानंतर बसलेला हवा. पण ज्यांचं ते अक्षर, त्या माझ्या पणजोबांचं श्राद्ध मी दरवर्षी घालतो.

गेल्या महिन्यात रूथ बाळाला घेऊन आली. "मास्तरकाका, तुमच्याकडे सगळ्यांची नावं लिहितात ना? हिचंही लिहा ना."

मी पान काढलं, पेन उघडलं आणि टोपण पुन्हा लावलं. शेवटी म्हटलं, "लिहिलंय." तिला वाटलं, बाबांनी आधीच लिहून घेतलं. खूश झाली. मी ओळ दाखवली, तिनं बाळाचं बोट धरून त्यावरून फिरवलं आणि मग विचारलं, "आणि याच्या खाली काय लिहिलंय?"

काका माझ्याकडे बघत होते. मी वही मिटली. ती दोन नावं मला पाठ आहेत, पण ती तिथे कशी आली ते आजही सांगता येत नाही, आणि एका आईला मांडीवरच्या लेकीच्या मुला-नातवंडांची नावं आत्ताच वाचून दाखवायचा मला धीर झाला नाही.